गायकेकाका आणि वरचं बटण

आमच्या शेजारचे उत्तमराव गायके पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या छातीसमोर हवेतल्या हवेत एक बटण फिरवलं.

मी उस्मानपुऱ्यातल्या या गल्लीत नुकताच राहायला आलो होतो. टेम्पोतून कपाट उतरवून घेणं चाललं होतं. तेवढ्यात फाटकाशी एक उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, औरंगपुऱ्यात औषधांचं दुकान आहे हेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पुढं केली आणि अगदी सावकाश डावीकडं वळवली.

"अडीचशे सायकलपाशी चिखल आहे तुमच्या आवाजात," ते म्हणाले. "तेवढा काढला की माणूस स्वच्छ निघंल."

आणि कपाटाचं एक टोक धरून ते माझ्याबरोबर जिना चढले. वर पोचेपर्यंत मला उलगडा होईना, हा माणूस वैदू आहे, ज्योतिषी आहे की मिस्त्री.

काका यांपैकी कुणीच नव्हते. गंगापूरकडच्या शेतकरी घरातले, वीज मंडळातून रिटायर झालेले. सगळी नोकरी सबस्टेशनवर गेली. तिथं दिवसभर ट्रान्सफॉर्मरचा हुंकार ऐकून त्यांना आवाजाची गोडी लागली की चीड आली, हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. एवढं खरं, की नोकरी संपल्यावर त्यांनी गच्चीवर एक खोली बांधली आणि लोकांची गाणी रेकॉर्ड करून, नीट मिसळून द्यायला सुरुवात केली. हौस म्हणून, फुकट. आडनाव गायके, पण गळा अजिबात नाही. आरतीतसुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवत. खोलीच्या भिंतींना आवाज शोषून घ्यायला गोधड्या ठोकल्या होत्या, सगळ्या सुशीलाकाकूंच्या हातच्या. त्यामुळं त्यांच्याकडं थंडीत मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याला पांघरूण घरून आणावं लागे.

हवेतलं बटण ते सगळ्यांसाठी फिरवत. भाजीवालीसाठी, पोस्टमनसाठी, सत्यनारायणाच्या पोथीला आलेल्या गुरुजींसाठी. गल्लीतल्या एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. घरातलं माणूस गेलेलं, मुलगा घोगऱ्या आवाजात शेवटचे दिवस सांगत होता. काका मान खाली घालून बसले होते, डोळ्यांत पाणीही होतं, पण मांडीवर ठेवलेली त्यांची बोटं वळायला लागलेली मला दिसली. शेजारी बसलेल्या काकूंनी न बघताच त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला, निघेपर्यंत. लोकांना वाटलं, म्हातारपणी किती जीव आहे एकमेकांवर.

"घालू नका, काढा," हे त्यांचं दुसरं वैशिष्ट्य. त्यांच्या शास्त्राप्रमाणं आवाज वाईट लागला तर त्यात काही वाढवायचं नसतं, नको ते कमी करायचं असतं. ते शास्त्र त्यांनी घरातही लागू केलं. लग्नातल्या भाषणातून आभार काढा, मुलांच्या दप्तरातून वह्या काढा, चहातून साखर काढा. एकदा आमटी खारट झाली तेव्हाही ते तेच म्हणाले. काकूंनी वाटी पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "काढून दाखवा." काका गप्प जेवले.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या बाई होत्या. कमी बोलायच्या, पण बोललेलं माघारी घ्यायच्या नाहीत.

एका दुपारी कुरिअरवाला खोकं देऊन गेला. काकूंना वाटलं मिक्सर आला. खोक्यातून निघाली पत्र्याची काळी पेटी, पाटाएवढी रुंद आणि दोन-तीन बोटं उंच, पुढच्या बाजूला गोल बटणं. काका मला हाताला धरून बघायला घेऊन गेले. ते इक्वलायझर होतं. गाण्यात खालचा जड आवाज असतो, मधला असतो आणि वरचा बारीक असतो. पेटीवरचं एकेक बटण त्यातला एकेक भाग कमी-जास्त करतं, आणि तो भाग काका सेकंदाला किती कंप यावर, म्हणजे 'सायकल'मध्ये मोजत. सिनेमाचं संगीत जिथं होतं तिथं याच जातीची यंत्रं असतात, पण ती पेन्शनीत बसणारी नव्हेत. ही स्वस्तातली होती, गरिबाघरची. फरक विचारला तर काका सांगत, की त्या मोठ्या पेट्यांची बटणं टक्‌टक् करत एकेका खाचेत बसतात, हिची मुकाट्यानं कुठंही फिरतात. एकदा हललं की पुन्हा नेमकं त्या जागी आणणं कठीण. म्हणून हिला कुणी हात लावायचा नाही.

काकू गल्लीत सांगत, "ह्यांनी रेडिओ आणलाय. स्टेशन एकही लागत नाही."

पुण्याहून आलेल्या पुतण्यानं काकांना समजावलं, की हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं, पडद्यावर आकडे दिसतात, पेटी लागतच नाही. काकांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि विषय बदलला. तो गेल्यावर मला म्हणाले, "आकडा दिसला की माणूस डोळ्यानं ऐकायला लागतो." स्वतः ते बटण फिरवताना चष्मा काढून ठेवत आणि डोळे मिटत. खंडेनवमीला पेटीला झेंडूचा हार घालत. एरवी तिच्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असे.

आम्ही सगळे एका रविवारी वेरूळला गेलो होतो. काकू आणि माझी बायको आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आल्या. मग लेण्यांत, त्या उंच कमानीच्या छताच्या लेण्यात शिरलो. लोक मूर्तीसमोर उभे राहून वर बघत होते. काका मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एकच टाळी वाजवली. ती टाळी छतात गेली, दगडी फासळ्यांवरून फिरली आणि बऱ्याच वेळानं विरली. रखवालदार धावत आला. काका त्याची बोलणी शांतपणे ऐकून घेत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दगडात खोदताना कुणीतरी ऐकत बसलेलं असणार, श्रीकांतराव. नुसतं बघून हे जमत नाय." 

असे हे काका. त्यांच्या खोलीतून भजनी मंडळांची भजनं बाहेर पडली, शाळांच्या प्रार्थना बाहेर पडल्या. लोक पेढे देऊन जात. पुढं मात्र काही दिवस एक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. मी त्यांच्याकडून आणलेलं एक भजन दुकानात लावलं तर गिऱ्हाइकं कपाळाला आठ्या घालायला लागली. गाणाऱ्यानं 'स' म्हटला की तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा चर्र आवाज यायचा. मंडळाचे बुवाही एकदा येऊन हळूच बोलून गेले, "काका, टाळ लई टोचायलेत." काका म्हणाले, तुमचे स्पीकर हलके असतील. पेटी तीच होती आणि हातही तेच होते. मला काही कळेना.

कळलं ते माझ्याच दुकानात. काका एका सकाळी थर्मामीटर घेऊन आले. आदल्या दिवशी तापासाठी माझ्याकडूनच नेला होता.

"बिघडलेला दिला तुम्ही," ते म्हणाले. "वाजतच नाय. तोंडात धरून बसलो होतो, शेवटी हिनं येऊन काढला."

मी तो काखेत धरला. थोड्या वेळानं तो पी-पी-पी वाजला. काका माझ्याकडं बघत वाट पाहत होते. तो वाजायचा थांबला तरी ते वाट पाहत होते.

"बघा," ते म्हणाले. "नाय ना वाजत?"

मी बदलून दुसरा दिला. दुसरं काय करणार होतो. दिवसभर औषधं देताना माझ्या डोळ्यांसमोर काका तोंडात थर्मामीटर धरून बसलेले दिसत होते. वयानं आधी वरचे बारीक आवाज जातात. बोलणं ऐकू येतं, दार वाजलेलं ऐकू येतं, त्यामुळं माणसाला वाटतं आपले कान शाबूत आहेत. काकांना गाण्यातला वरचा भाग कमी ऐकू येत होता, म्हणून ते तो वाढवत होते. त्यांना जे नीट वाटत होतं ते बाकीच्यांच्या कानाला टोचत होतं.

हे त्यांना सांगायचं कुणी? मी ठरवलं, काकूंशी बोलू. पण मी बोलायच्या आतच गाणी आपोआप सुधारली. बुवा पुन्हा पेढे घेऊन आले. टाळ पूर्वीसारखे गोड वाजायला लागले. मला वाटलं, काकांच्या कानांत नुसता मळ असेल, निघाला असेल.

मग एकदा संध्याकाळी त्यांची शिडी परत द्यायला मी गच्चीवर गेलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. काका आत नव्हते, खाली अंगणात कुंड्यांपाशी दिसले होते. आत काकू होत्या. लुगड्याचा तुकडा बाजूला ठेवलेला, कानांवर हेडफोन, आणि हात पेटीच्या उजवीकडच्या शेवटच्या बटणावर. काका त्याला वरचं बटण म्हणत. मला बघून त्यांनी हात मागं घेतला नाही. बोटं तिथंच ठेवून त्यांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं, बटण केसभर आणखी डावीकडं नेलं, आणि मग हेडफोन काढले.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. थर्मामीटरच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं होतं. काका सगळी बटणं लावून झाली की कान ताजे करायला खाली जातात, झाडांना पाणी घालतात. परत येऊन गाणं एकदा पेटीतून शेवटचं सोडतात, तेव्हा बटणं जशी असतील तसं ते कायमचं कॉम्प्युटरात उतरतं. त्या मधल्या वेळात काकू वर येतात आणि वरचं बटण खाली आणतात. नोकरीभर पहिलीच्या मुलांचं अर्धवट बोलणं ऐकलेलं, त्यामुळं 'स' आणि 'श' कुठं टोचतो ते बरोबर कळतं, असं त्या म्हणाल्या.

"त्यांना कळत नाही?" मी विचारलं.

"डोळे मिटलेले असतात," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगू नका. त्यांच्याकडं दुसरं काय आहे?"

मी शब्द दिला आणि पाळला. असं एक-दोन वर्षं चाललं असेल.

नंतर माझ्या ताईचं आजारपण निघालं. मालतीताई माझी थोरली बहीण, गारखेड्यात राहते. आमच्या आईच्या ओव्या फक्त तिला येतात. आई दळता-कांडताना म्हणायची त्या, कुठं लिहिलेल्या नाहीत. ताईच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण काढायला हवी होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, की आवाजाची नस तिथूनच जाते. सहसा काही होत नाही, पण आवाज बसू शकतो, बदलूही शकतो. ताई घरी येऊन माझ्या बायकोजवळ एवढंच म्हणाली, की ओव्या कुठंतरी ठेवून जाते.

काकांनी तिच्या ओव्या गोधड्यांच्या त्या खोलीत रेकॉर्ड केल्या. तिला दम लागला की थांबत, कोमट पाणी देत. हवेतलं बटण त्यांनी तिच्यासाठी एकदाही फिरवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ह्यांच्या आवाजात काढण्यासारखं काय नाय." ताईची एकच अट होती. ऑपरेशनच्या आधी तिला सगळं तयार ऐकायचं होतं. एखादी ओळ चुकली असेल तर आवाज आहे तोवर पुन्हा म्हणता आली असती.

वेळ भरपूर होता. पण काकूंना नाशिकला मुलीकडं जावं लागलं, नातीला कांजिण्या आल्या म्हणून. आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून फोन आला, की तारीख अलीकडं घेतली आहे. ताई रोज विचारायला लागली. मी काकांना विचारायला लागलो. एकदा ते म्हणाले वायरीत हुंकार येतोय. एकदा म्हणाले हवा दमट आहे. एकदा म्हणाले अमावास्या जाऊ द्या, आणि अमावास्या मानणारा हा माणूस नव्हता. तारीख जवळ आली तेव्हा मला राग आला. मी दुकान नोकरावर सोडून भरदुपारी त्यांच्या गच्चीवर गेलो.

काका पेटीसमोर बसले होते. ताईची ओवी चालू होती. मी म्हणालो, "काका, आता काय अडलंय ते एकदा सांगा. ताई परवा दवाखान्यात जाणार."

त्यांनी गाणं बंद केलं. चष्मा घातला. 

"वरचं बटण लावायचं राहिलंय," ते म्हणाले. "ते मी नाय लावत. ही लावती."

 मी विचारलं, की काकू लावतात हे तुम्हाला माहीत आहे?

"वीज मंडळात होतो मी, श्रीकांतराव. माझ्या पाठीमागं कुणी बटण हलवलं तर मला समजणार नाय व्हय? पहिल्याच दिवशी समजलं. परत फिरवून बघितलं. मला दोन्हीकडं सारखंच ऐकू आलं. तेव्हा समजलं काय झालंय ते."

"मग बोलला का नाहीत?"

 सबस्टेशनला तारेचं कुंपण असतं, ते म्हणाले, बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नसते. त्यामुळं काकूंनी त्यांचं काम कधी पाहिलंच नाही. रिटायर झाल्यावर ही खोली बांधली, तर इथंही त्यांनी स्वतःच कुणी हात लावू नका म्हणून कुंपण घातलं. काकू चहा दारापाशी ठेवून जायच्या.

"आता वर येती," ते म्हणाले. "मी खाली झाडापाशी उभा राहतो. जिन्यावर तिचे पाय वाजतात. ते जड आवाज आहेत, खालचे. ते येतात अजून मला. मी बोललो असतो तर तिनं सोडून दिलं असतं."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, मी ऐकून सांगतो, तुम्ही फिरवा. त्यांनी बटण एका टोकाला नेलं, मी म्हणालो छान आहे. मधोमध आणलं, मी म्हणालो हेही छान आहे. दुसऱ्या टोकाला नेलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, कारण ताई आईसारखी गात होती आणि ती मला कुठल्याही बटणावर आईसारखीच ऐकू येत होती. काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि बटण सोडून दिलं. "तुमचा उपयोग नाय," ते मायेनं म्हणाले.

काकूंना फोनवर ऐकवू, असं मी सुचवलं. फोन वरचा सगळा भाग खाऊन टाकतो, ते म्हणाले. मग माझ्यासमोरच त्यांनी काकूंना फोन लावला. आधी नातीच्या अंगावरच्या पुळ्यांची चौकशी केली. पुळ्यांना खपल्या धरल्या होत्या, खेळायला लागली होती.

"अगं ऐक," काका म्हणाले. "मालतीताईंच्या ओव्या अडल्यात. वरचं बटण तुझ्याबिगर लागत नाय. तू लावतीस ते मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. ये."

पलीकडून आवाज येईना. काकांनी फोन कानापासून दूर धरून पडद्याकडं पाहिलं, तुटला की काय म्हणून. फोन चालू होता. मग काकूंनी विचारलेलं मलाही ऐकू आलं.

"जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं काकू निघाल्या आणि दुपारी पोचल्या. मी ताईला घेऊन आलोच होतो. काकूंनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि आमच्याबरोबर वर आल्या. खोलीत आम्ही चौघं. काकांनी ओवी लावली आणि सवयीनं दाराकडं निघाले.

"कुठं?" काकूंनी विचारलं.

"कान ताजे करायला."

"बसा."

काका बसले. काकूंनी वरच्या बटणावर बोटं ठेवली. ताईचा आवाज खोलीत भरला. काकू बटण थोडं डावीकडं न्यायच्या, थांबायच्या, पुन्हा ऐकायच्या. काका एरवी डोळे मिटून ऐकणारे. आता त्यांचे डोळे उघडे होते आणि ते पेटीकडं बघत नव्हते. ते काकूंच्या चेहऱ्याकडं बघत होते. 'स' आला की काकूंच्या दोन भुवयांच्या मधे एक बारीक आठी यायची. बटण सरकत गेलं तशी ती आठी पुसट होत गेली, आणि एका जागी अजिबात नाहीशी झाली.

"थांब," काका म्हणाले. "हेच."

काकूंनी मान हलवली. त्यांनाही तेच वाटलं होतं.

त्यानंतर सगळ्या ओव्या ऐकून झाल्या. एका ओवीत ताईनं आईच्या माहेराचं नाव घाईत गिळलं होतं. तिला ते लागलं. तिनं ती ओळ पुन्हा म्हटली, उभी राहून, पदर नीट घेऊन.  काकांनी ती जागच्या जागी जोडली आणि संध्याकाळच्या आत सगळं ताईच्या मोबाइलवर घालून दिलं. जाताना ताई काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिला उठवलं आणि गळ्यावरून हात फिरवला, जिथं गाठ होती तिथून.

ऑपरेशन नीट झालं. ताई बरेच दिवस कुजबुजत बोलायची. मग हळूहळू आवाज आला, पूर्वीपेक्षा थोडा जाड. ती आता खालच्या सुरात गाते. चांगलं गाते. पण आईसारखा वरचा सूर लागत नाही, तो फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

काकूंना आता काही लपवायचं राहिलं नव्हतं. त्यांनी काकांना कानाच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो होतो. तपासणारी मुलगी एका कागदावर रेघ काढून देते, कुठला आवाज किती ऐकू येतो त्याची. काकांची रेघ सरळ निघाली आणि पुढं घाट उतरल्यासारखी खाली गेली. काकांनी तो कागद कितीतरी वेळ बघितला. मग त्यांनी त्या मुलीला विचारायला सुरुवात केली, की श्रवणयंत्रात आवाजाचे किती पट्टे आहेत, कुठून कुठपर्यंत वाढवणार, मधलं थोडं काढता येईल का. ती बिचारी शेवटी म्हणाली, "आजोबा, तुम्ही पेशंट आहात ना?"

"हे पण इक्वलायझरच झालं की," काका मला म्हणाले. त्यांना त्याचं फार समाधान वाटलं. कानात घालायचं, त्यांच्यापुरतं.

यंत्र आल्यावर त्यांच्या आयुष्यात बरेच आवाज परत आले. चिमण्या परत आल्या. नळाची गळती परत आली, ती त्यांनी लगेच दुरुस्त केली. फोडणीत मोहरी तडतडायची वेळ झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. काकू म्हणायच्या, भाजी एक आणि मोहरी तीनदा फोडायला लावतात.

परवा सकाळी मी औषधं द्यायला त्यांच्याकडं गेलो होतो. एका शाळेच्या मुलींचं गाणं त्या दिवशी द्यायचं होतं. काका जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली, छोट्या डबीत ठेवली आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकली.

मी जवळ जाऊन जरा मोठ्यानं म्हणालो, की काका, वर तर त्याची जास्त गरज.

"हे बोलणं ऐकायला केलेलं आहे," त्यांनी सरकारी खात्यातल्यासारख्या आवाजात सांगितलं. "गाणं ह्याच्यात पत्र्यासारखं वाजतं."

ते खोटं नव्हतं. बरेच लोक तसं सांगतात.  काकांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, येतीस का?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी काकांच्या मोकळ्या कानांकडं पाहिलं, मग खिशाकडं. डबी अर्धी बाहेर डोकावत होती. काकूंनी ती बोटानं आत सारली.

"वाकलात की पडंल," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आधी जिना चढायला लागल्या.